कापलेला पत्रा कुणाचा

शहापूरच्या गॅरेजांमध्ये एक रिवाज आहे. गाडीचा सडलेला पत्रा मिस्त्रीने कापला, की तो तुकडा मिस्त्रीचा. गिऱ्हाईक विचारत नाही आणि मिस्त्री सांगत नाही. माझे बाबा तीस वर्षं पत्र्याचं काम करतात, आणि आमचं अर्धं घर या रिवाजावर उभं आहे. न्हाणीचा आडोसा जीपच्या दरवाजांचा, कोंबड्यांच्या खुराड्यावर टेम्पोचं बोनेट, पाण्याच्या पिंपावर अलीकडेपर्यंत एका जुन्या गाडीचा चौकोनी तुकडा. यात वावगं काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. म्हणूनच त्या मंगळवारी फोन आला तेव्हा पहिली दोन मिनिटं मला कळलंच नाही की घाबरायचं कशाला. मग कळलं, आणि मी उंबऱ्यावर खाली बसले.

फोन शेठचा होता. मुरबाडच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस आहे आणि तिथल्या शेडमध्ये एक जुनी विलायती गाडी उभी आहे. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. तशा गाड्या इतक्या थोड्या उरल्या आहेत, की नाव लिहिणं म्हणजे मालकाचा पत्ता लिहिणं. बाबा वर्षभर त्या गाडीच्या पत्र्याचं काम करत होते, आणि मी तिचा इतिहास लिहीत होते.

हे काम मला कसं मिळालं, तर बाबा शेठना सहज बोलून गेले होते, ‘माझी पोरगी लिवते.’ आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. आजोबा सभांची, मोर्चांची, जयंतीची पत्रकं गावोगाव वाटायचे आणि उरलेली माळ्यावर ठेवायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले: रस्त्यासाठी, पाण्यासाठी, आश्रमशाळेतल्या जेवणासाठी. शेठना गाडी विकायची होती, आणि अशी गाडी विकताना सोबत तिच्या चरित्राची छोटी पुस्तिका द्यावी लागते. इंग्रजी ते मुंबईत करून घेणार होते. माहिती गोळा करून मूळ मजकूर मराठीत मी लिहायचा होता.

श्रीमंताच्या गाडीचं कौतुक लिहायचं म्हणून मी रागानेच सुरुवात केली. पण गाडीचा इतिहास खरोखर विलक्षण होता. त्या काळी कंपनी फक्त सांगाडा, इंजिन आणि चाकं विकायची. वरचं सगळं दुसरा कारखाना गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे हाताने बांधायचा, लाकडी चौकट आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यामुळे एकीसारखी दुसरी नसते. ही गाडी एका संस्थानिकाने शिकारीसाठी बांधून घेतली होती. पुढे मोठा फिरता दिवा, मागे बंदुकांची खोबण, आणि दोन्ही बाजूंना रुंद पायदान. संस्थान गेल्यावर ती एका गिरणीवाल्याकडे आली, तिथून सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने जाऊ लागली, मग लग्नाच्या वरातींना, आणि शेवटी कितीतरी वर्षं एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या शिटीखाली पडून राहिली. तिथून शेठनी ती उचलली.

पहिल्या मजकुरात मी एक परिच्छेद लिहिला होता. त्या पायदानावर कोण उभं राहायचं, रानातून जनावर हाकून आणायला कुणाला जुंपायचं, ते कुठल्या पाड्यांवरचे होते, असा. शेठनी वाचला. म्हणाले, ‘तू लिहितेस छान. पण घेणाऱ्याला हे वाचायचं नाहीये गं.’ मी तो परिच्छेद काढून टाकला. त्यासाठी त्यांना आवाजही चढवावा लागला नाही.

त्या गाडीकडे लोक का ओढले जातात ते मला शेठकडून समजलं नाही, बाबांकडून समजलं. एकदा त्यांनी दरवाजाचं आतलं अस्तर काढलं आणि मला बोलावलं. पत्र्याच्या मागच्या बाजूला हातोडीचे बारीक ठसे होते, माशाच्या खवल्यांसारखे.

‘बघ,’ बाबा म्हणाले. ‘ह्यो माणूस डावरा व्हता.’

‘कशावरून?’

‘ठसे कुठं कलतात बघ ना. आन हितं त्याचा हात दमलाय. जेवायची सुट्टी जवळ आली असंल.’

त्या दिवसापासून मला ती गाडी बघावीशी वाटू लागली. हे कबूल करायला मला अवघड जातं.

संग्राहकांना मात्र ठशांपेक्षा आकड्याची ओढ. अशा गाडीवर तिचा क्रमांक तीन ठिकाणी ठोकलेला असतो: सांगाड्यावर, इंजिनावर, आणि इंजिन व बसायची जागा यांच्यामधल्या आडव्या पत्र्यावर. त्या पत्र्याला फायरवॉल म्हणतात. तिन्ही आकडे जुळले तर गाडी अस्सल. एक जरी कमी पडला तरी ती जोडाजोड केलेली, असं बाजार समजतो.

फोनवर शेठ म्हणाले, ‘शुक्रवारी तपासणीला माणूस येतोय. फायरवॉलवरचा नंबर जरा साफ करून ठेवायला सांग बाबांना. पुस्तिकेत त्याचा क्लोज फोटो टाकू.’

तो ॲल्युमिनियमचा पत्रा बाबांनी दिवाळीनंतर कापला होता. पोल्ट्रीच्या ओलीने तो चाळणीसारखा झालेला, आणि वरून कुणीतरी कधीकाळी डांबर फासलेलं. आकडा डांबराखाली होता. बाबांना तो दिसला नाही. त्यांनी हुबेहूब नवा पत्रा हाताने घडवून बसवला. नवा इतका सुरेख झाला होता, की जुनाच साफ केलाय असं समजून शेठनी त्यावरून बोट फिरवून मान डोलावली होती. आणि जुना तुकडा रिवाजाप्रमाणे आमच्या घरी आला, पिंपावर झाकण म्हणून.

तो आता पिंपावर नव्हता. मागच्या आठवड्यात भंगारवाला आला होता. पिंपाला प्लास्टिकचं झाकण आणलं होतं म्हणून मी तो तुकडा त्याला दिला आणि बदल्यात कांदे घेतले. मी दिला. बाबा कामावर होते, आई शेतावर.

उंबऱ्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो फार्महाऊसचा आधीचा राखणदार. डोळखांबकडच्या पाड्यावरचा माणूस, फारसं न बोलणारा. आदल्या उन्हाळ्यात गाडीचा एक पितळी दिवा सापडेना, तेव्हा शेठच्या माणसांनी त्याला दिवसभर पंपाच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. मारलं की नाही, कुणाला माहीत नाही. तो सांगत नाही. आठवड्याने दिवा मुंबईत पॉलिशवाल्याकडे सापडला. तोवर राखणदार बायकोपोरं घेऊन वीटभट्टीवर निघून गेला होता. मी त्यावर पत्रक लिहिलं होतं. छापलं नाही. बाबा तिथे कामाला होते.

दुपारी बाबा जेवायला आले. मी त्यांना जेवू दिलं आणि मग सांगितलं. ते हात धुवायला उठले होते, तांब्या हातात तसाच राहिला.

‘डांबराखाली?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘मी खरवडायला पायजे व्हता.’

‘बाबा, भंगारात मी दिला.’

‘तू कशाला मदी येते? कापला मी, आणला मी.’ मग थोडं थांबून, हळू आवाजात म्हणाले, ‘चोरी म्हणतील, बाय.’

आम्ही मोटारसायकल काढली. आमच्याकडे येणारा भंगारवाला आपला माल आटगावच्या पलीकडे एका गोदामात टाकतो. गोदाम चालवणारी बाई खुर्चीवर बसून भेंडी चिरत होती. मागे डब्यांचे, तारांचे, पंख्याच्या पात्यांचे ढीग होते.

‘अलमिन?’ ती म्हणाली. ‘अलमिन माझ्याकडं दोन दिस ऱ्हात नाय. शनवारी गेला भट्टीला.’

‘एक चौकोनी तुकडा व्हता,’ बाबा म्हणाले. ‘एका बाजूनं डांबर.’

‘दादा, हितं समदं चौकोनीच येतं आन गोल व्हऊन जातं. काय सोनं लावलेलं का त्याला?’

‘सोनंच समजा.’

‘मग कांद्यावर कुणी दिलं?’

बाईने आमच्या तोंडांकडे पाहिलं, भेंडीची परात खाली ठेवली, आणि स्वतः उठून ढीग उपसायला लागली. अर्धा तास आम्ही तिघं शोधत होतो. मला माहीत होतं की तो तिथे नाही. तरी हात थांबत नव्हते, कारण हात थांबले की पुढचं सुचत होतं.

परत येताना बाबांच्या पाठीमागे बसून मी सगळं मनात मांडलं. शेठ तक्रार करतील. इतक्या मोलाच्या गाडीचा भाग नेला म्हणतील. रिवाज आहे हे सांगायला गॅरेजवाल्यांपैकी कोण पुढे येईल? कुणीही नाही. वस्तीत कुजबुज सुरू होईल. बाबांची ताठ मान, ज्या मानेकडे बघून मी पत्रकं लिहायला शिकले, ती पंपाच्या खोलीतून कशी बाहेर येईल? मी डोळे मिटून घेतले. बाबांचा शर्ट घामाने भिजला होता, आणि ऊन तर फारसं नव्हतं.

घरी आल्यावर मी जे बोलले ते मला कुणालाही सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, ‘बाबा, तुमच्याकडे आकडे ठोकायचे पंच आहेत ना?’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

‘आकडा काय आहे ते माझ्याकडे आहे. सांगाड्यावर आहे, इंजिनावर आहे. नव्या पत्र्यावर ठोका. वर थोडं डांबर लावा. कुणाला कळणारे?’

अन्यायाविरुद्ध कागद रंगवणारी मी, आणि खोटा शिक्का मारायची अक्कल बाबांना मीच शिकवत होते. अर्थात त्या वेळी हा विचार मनात आला नाही. तेव्हा फक्त शुक्रवार दिसत होता.

बाबांनी फळीवरून पंचांचा डबा काढला. सगळा बुधवार ते त्यातच होते. जुन्या आकड्यांचं वळण वेगळं होतं. चाराचं डोकं उघडं, साताला मधे आडवी रेघ नाही. त्यांनी कानशीने पंच घासून घासून ते वळण आणलं, आणि एका रद्दी तुकड्यावर ठोकून पाहिलं. सांगाड्यावरच्या आकड्याचा फोटो माझ्याकडे होता, त्याच्याशी मी ताडून पाहिलं. फरक सापडेना.

‘व्हईल,’ बाबा म्हणाले. मग डबा बंद करता करता म्हणाले, ‘मी ठोकीन. पर पुस्तकात लिवायचं तुला हाय. “आकडा मूळचा हाय” असं. लिवशील?’

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, विचार न करता.

आई चुलीपाशी होती. तिने फक्त एवढं विचारलं, ‘दोघं उद्या दुपारपोत येताव ना घरी?’ मग तिने चुलीत लाकूड सारलं.

गुरुवारी सकाळी आम्ही किन्हवलीवरून मुरबाडकडे निघालो. शेठ फार्महाऊसवरच होते, पण नाश्त्याला बसले होते. शेडमध्ये आम्ही दोघंच. बाबांनी बोनेट उघडलं. खडूने बारीक रेघ आखली, पहिला पंच रेघेवर उभा धरला आणि हातोडी उचलली.

हातोडी खाली येईना. बाबांचा डावा हात थरथरत होता. पंचाचं टोक रेघेवरून इकडेतिकडे सरकत होतं. मी आयुष्यात त्यांचा हात थरथरलेला पाहिला नव्हता. तापातसुद्धा नाही, आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा नाही. त्यांनी पंच खाली ठेवला, हात पँटला पुसला, पुन्हा धरला. पुन्हा तेच.

‘नाय ठरत,’ ते म्हणाले. ‘असा ठोकला तर पोरंबी वळखतील.’

‘थोडं थांबून बघा.’

‘नाय बाय. थांबून वाढतंय ते.’

त्यांनी फडक्याने खडूची रेघ पुसली, पंच डब्यात टाकले आणि बंगल्याकडे चालायला लागले. मी मागे धावले. ते काय करणार आहेत ते मला कळलं होतं, आणि मला त्यांना थांबवायचं होतं. थांबवलं नाही.

व्हरांड्यात शेठ चहा पीत होते. बाबा पायरीखाली उभे राहिले.

‘शेठ, त्यो आकड्याचा पत्रा जुना व्हता. मी कापला. घरी नेला. भंगारात गेला. आता नाय मिळायचा, शोधून झालं.’

‘भंगारात मी दिला,’ मी म्हणाले.

शेठनी कप खाली ठेवला. ते ओरडले नाहीत. त्यांनी आपल्या माणसाला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, ‘गेट लावून घे.’ लोखंडी गेट घासत बंद झालं. पंपाची खोली तिथून दिसत होती. तिच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. मी ते बघून ठेवलं.

‘माझ्या गाडीचा भाग तू घरी कुणाला विचारून नेलास?’

‘रिवाज हाय, शेठ. कापलेला पत्रा मिस्त्रीचा.’

‘कुठे लिहिलंय?’

कुठेही लिहिलेलं नाही.

शेठ आत गेले आणि तपासणीवाल्या माणसाशी फोनवर बोलू लागले. खिडकी उघडी होती. बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. आम्ही उन्हात उभे होतो. बसा म्हणायला कुणी नव्हतं आणि आपणहून बसायची आमची छाती नव्हती. शेठ बाहेर आले ते चक्रावलेले होते. तपासणाऱ्याने म्हणे पहिला प्रश्न विचारला, नव्या पत्र्यावर आकडा ठोकलाय का? ठोकला असेल तर तो गाडीला हातही लावणार नाही. एक खोटा शिक्का सापडला की बाकीचे दोन खरे आकडेही संशयात जातात. कोरा असेल तर कोरा राहू द्या, आणि पत्रा कुणी कापला, का कापला, नवा कुणी घडवला, हे कारागिराच्या सहीने लिहून द्या. किंमत घसरेल, पण गाडी अस्सल राहील.

मी बाबांच्या हातांकडे बघितलं. ते अजून थांबले नव्हते.

शेठनी कागद आणि पेन माझ्यापुढे टाकलं. ‘लिही. तुला लिहिता येतं ना.’

व्हरांड्याच्या पायरीवर बसून मी लिहिलं. डांबराखाली आकडा दिसला नव्हता, पत्रा ओलीने खलास झाला होता, नवा कसा घडवला, कुठली जाडी, किती दिवस लागले. शेवटी लिहिलं: ‘कापलेला तुकडा कामाच्या रिवाजाप्रमाणे कारागिराने घरी नेला.’

शेठनी वाचलं. ‘हे “रिवाजाप्रमाणे” काढ. “मालकाच्या परवानगीशिवाय” लिही.’

ते तसं लिहून, खाली बाबांची सही घेतली, की तो कागद म्हणजे चोरीची कबुली. शेठना ते कळत होतं. मलाही कळत होतं. वर्षभरापूर्वी त्यांनी एक परिच्छेद काढायला सांगितला आणि मी काढला होता. तेव्हा गेट उघडं होतं आणि मला कसलीच भीती नव्हती. आता गेट बंद होतं, आणि मी म्हणाले, ‘नाही लिहिणार.’

‘काय?’

‘परवानगी कधी विचारतच नाहीत. वर्षभरात बाबांनी इथून दहा-बारा तुकडे तुमच्यासमोर नेले. तुम्ही एकदाही अडवलं नाहीत. तेच लिहिते, हवं तर.’

‘माझ्या गेटच्या आत उभी राहून मला शिकवतेस?’

मी पेनाला टोपण लावलं. शौर्य वगैरे काही नव्हतं. पुढचा शब्द सापडत नव्हता, एवढंच. शेठ बाबांकडे वळले. ‘सांग तिला.’

बाबा म्हणाले, ‘ती लिवते त्याच्यावर सही करीन, शेठ. दुसरं लिवलं तर नाय करनार.’ तेवढं बोलून ते खाली बघू लागले.

शेठच्या माणसाने दोनदा आमच्याकडे आणि एकदा पंपाच्या खोलीकडे पाहिलं. मग शेठनी घड्याळ बघितलं. शुक्रवारला एक दिवस उरला होता आणि सही बाबांचीच लागणार होती.

‘कर सही,’ ते म्हणाले. ‘आणि उद्यापासून येऊ नकोस.’

बाबांनी सही केली. अक्षरं वाकडी आली. शेठनी कागद घडी करून खिशात घातला. गेट उघडायला त्यांच्या माणसाने मुद्दाम वेळ लावला, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

किन्हवलीला बाबांनी मोटारसायकल कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि विचारलं, ‘त्या कागदाची दुसरी कापी घेतलीस ना?’

मी घेतली नव्हती. साधा फोटोही काढला नव्हता. फोन माझ्या हातात होता, सगळा वेळ घट्ट धरून. आता ‘रिवाजाप्रमाणे’ असं लिहिलं होतं, हे दाखवणारा एकच कागद होता, आणि तो शेठच्या खिशात होता.

‘जायचं परत?’ बाबा म्हणाले.

रस्ता मागेही मोकळा होता आणि पुढेही. बाबा आरशातून माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले असते तर त्यांनी गाडी वळवली असती.

‘नको,’ मी म्हणाले. ‘ते गेट पुन्हा उघडेलच असं नाही.’

त्यांनी गिअर टाकला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो शहापूर येईपर्यंत काढला नाही.